आठ पौंडांची गिटार

इंग्लंडमधील तेव्हाच्या मिडलसेक्स परगण्यात फेल्टहॅम नावाचे गाव होते. तेथील एका मध्यमवर्गीय कुटुंबातील पिता-पुत्रांनी 1963 साली एक काम हाती घेतले. सोळा वर्षांच्या ब्रायन मे या मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. दुकानातील नामांकित अमेरिकी गिटारींची किंमत त्या घराच्या आवाक्याबाहेरची होती. वडील हॅरॉल्ड मे हे विमान वाहतूक मंत्रालयात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करीत. हातात कसब असलेला हा गृहस्थ होता. घरातील दूरचित्रवाणी संचही त्यांनी स्वतः जोडला होता. विकत घेणे शक्य नसेल तर घडवू, असा निर्णय दोघांनी घेतला. हे काम पुढे सुमारे दोन वर्षे चालले आणि साहित्याचा खर्च आला सुमारे 8 पौंड.

जुने लाकूड, नवा उपयोग

एका परिचिताच्या घरातील शंभराहून अधिक वर्षांची शेकोटी मोडली जात होती. तिच्या भोवतीच्या चौकटीची महोगनीची फळी टाकून दिली जाणार होती. त्या फळीतून गिटारची मान कोरली गेली. लाकडाला वाळवीसारख्या किडीने भोके पाडली होती. ती आगपेटीच्या काड्यांनी बुजवली. सदोष माल म्हणून कोणीही बाजूला सारला असता, असे हे लाकूड. परंतु इतक्या वर्षांत ते पूर्ण सुकून स्थिर झाले होते, आणि गिटारच्या मानेला हाच गुण सर्वांत अधिक लागतो. ओलसर लाकूड वाळताना पिळते, मान वाकते आणि वाद्य बेसूर होते. सहा तारांचा एकत्रित ताण चाळीस किलो वजनाच्या आसपास जातो. तो पेलण्यासाठी मानेच्या आत पोलादी सळईही बसवली होती.

अंगाचा मधला भाग जुन्या टेबलाच्या ओक लाकडाचा आहे. त्याच्या बाजूंना साधा ब्लॉकबोर्ड जोडून वरून-खालून महोगनीचे पातळ व्हिनिअर चिकटवले. आज पाहणाऱ्याला ती अखंड महोगनीची वाटते. आत काही पोकळ्या मुद्दाम ठेवल्या आहेत. ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज तारांना पुन्हा कंपित करतो आणि स्वर लांबत जातो. हा परिणाम ब्रायनला हवा होता, म्हणून ही रचना आधीपासून योजलेली होती.

बोटे ठेवण्याच्या पट्टीवर 24 पडदे आहेत. त्यांच्या जागा अंदाजाने ठरवता येत नाहीत. प्रत्येक पडद्यागणिक तारेची कंप पावणारी लांबी ठरावीक प्रमाणात घटत जाते आणि बाराव्या पडद्यावर ती बरोबर निम्मी होते. तेथे वरच्या सप्तकातील तोच स्वर लागतो. केसाएवढी चूकही कानाला खटकते. हे सर्व गणित मुलाने मांडले. पट्टीवरील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे घासून बसवली.

लोहचुंबक, स्प्रिंग आणि विणकामाची सुई

मिरजेच्या सतारीत किंवा तंबोऱ्यात भोपळ्याची पोकळी तारेचा नाद वाढवते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम पिकअप करतो. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि ध्वनिवर्धक त्याला आवाजाचे रूप देतो. ब्रायनने साधी लोहचुंबके आणून पिकअपही घरीच गुंडाळले. स्वर उत्तम निघाला. मात्र तार आडवी खेचताच खरखर ऐकू येई, कारण चुंबकांची मांडणी त्या हालचालीला अनुकूल नव्हती. अखेर बर्न्स या कंपनीचे तीन पिकअप विकत आणले. हट्टाने तोच प्रयोग पुढे न रेटता, जे घरी साधत नाही ते बाजारातून घ्यावे, हा व्यवहार येथे पाळला गेला.

तारांचा ताण क्षणभर सैल करून स्वर डोलवणारी यंत्रणा हा या गिटारचा सर्वांत कल्पक भाग होय. कठीण पोलादाच्या सुरीसारख्या धारेवर ती यंत्रणा तोलली आहे आणि तारांच्या ओढीला तोल देण्यासाठी जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातील दोन स्प्रिंग लावल्या आहेत. तरफेचा दांडा सायकलच्या पिशवीच्या कडीचा आणि त्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे. घर्षण कमी, म्हणून हात सोडताच तारा पूर्ववत सुरात येतात.

पित्याची नाराजी

इथवरची कथा ऐकायला गोड आहे. पुढचा भाग मात्र अनेक घरांना परिचित वाटेल. ब्रायनने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि ग्रहांच्या अवकाशातील धुळीवर पीएच.डी.चे संशोधन सुरू केले. त्याच सुमारास, 1970 साली, ‘क्वीन’ हा वाद्यवृंद स्थापन झाला. त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पारशी कुटुंबातील फारुख बलसारा. त्यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले होते. वाद्यवृंदाचा जम बसू लागताच ब्रायनने संशोधन अर्धवट सोडले.

हॅरॉल्ड यांना हे मानवले नाही. ज्यांनी स्वतःच्या हातांनी मुलाची गिटार घडवली, त्यांनाच त्या गिटारीवर मुलाने उपजीविका करावी हे पटेना. छंद म्हणून संगीत ठीक; परंतु इतके शिक्षण वाया घालवून अनिश्चिततेत उडी घ्यावी, हे त्यांच्या काटकसरी, सरळमार्गी आयुष्यात बसणारे नव्हते. पिता-पुत्रांत बराच काळ दुरावा राहिला. पुढे मुलाने आई-वडिलांना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रमाला नेले. हजारो श्रोत्यांनी भरलेले ते सभागृह आणि मंचावर घरात घडलेली ती गिटार पाहिल्यावर वडिलांनी मुलाचा मार्ग समजल्याचे मान्य केले.

हॅरॉल्ड मे यांचे 1988 साली निधन झाले. अर्धवट राहिलेला प्रबंध ब्रायन मे यांनी तीस वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा हाती घेतला आणि 2007 साली, साठीच्या उंबरठ्यावर, पीएच.डी. मिळवली. वडिलांची ती इच्छा त्यांच्या पश्चात पूर्ण झाली.

‘रेड स्पेशल’ या नावाने ती गिटार आज जगभर ओळखली जाते. 1985 च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात ती वाजली. 2002 साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरून ब्रिटनच्या राष्ट्रगीताचे सूर तिच्यातूनच निघाले. आज तिच्या प्रतिकृती दुकानांत विकल्या जातात. मूळ गिटारची 1998 साली एकदा डागडुजी झाली; मान मात्र त्याच शेकोटीच्या फळीची आहे.

आपल्याकडेही जुन्या वाड्यांचे सागवानी वासे, मोडक्या कपाटांच्या फळ्या भंगाराच्या भावाने जातात. घरातील एखादे मूल त्यातून काही घडवू पाहत असेल, तर त्याला लाकूड फारसे महाग पडणार नाही. महाग असतो तो वडीलधाऱ्यांचा वेळ. दुकान बंद झाल्यावरची संध्याकाळ हॅरॉल्ड मे यांच्याप्रमाणे दोन वर्षे मुलाच्या शेजारी बसून काढणे, याची किंमत त्या आठ पौंडांत धरलेली नव्हती.