जकात गेली, नाका राहिला

अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांमधील सीमा जगातील सर्वांत लांब सीमा म्हणून ओळखली जाते. तिच्यावर तटबंदी नाही, समोरासमोर उभे ठाकलेले सैन्य नाही. १ जानेवारी १९८९ रोजी या दोन शेजाऱ्यांमध्ये मुक्त व्यापाराचा करार अमलात आला. १ जानेवारी १९९४ पासून मेक्सिकोला सामावून घेणारा करार आला आणि १ जुलै २०२० पासून त्याची जागा तिसऱ्या कराराने घेतली. या करारांच्या अटींत बसणाऱ्या बहुतेक मालावरील जकात त्यामुळे क्रमाक्रमाने नाहीशी झाली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील न्याय लावावयाचा तर अशा दोन देशांत, वाहतुकीचा खर्च सोडल्यास, एका वस्तूची एकच किंमत असावयास हवी. प्रत्यक्षात तसे घडत नाही. ते का घडत नाही, हे समजून घेण्यासाठी पोलादाच्या किंवा मोटारींच्या घाऊक व्यापाराकडे पाहण्यापेक्षा एखादे लहानसे पुडके सीमेपलीकडून मागविणाऱ्या सामान्य ग्राहकाकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरण्याची साधने मागविणारा कॅनडातील नेमबाज किंवा शिकारी हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

काडतुसाचे घटक चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली ठिणगी देणारी टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार उडाला की दारू, टोपी आणि गोळी कामी येतात. पुंगळी मात्र शिल्लक राहते. या चौघांमध्ये बहुधा तीच महाग असते आणि काळजीपूर्वक हाताळली तर अनेकदा वापरता येते. साहजिकच सराव करणारे नेमबाज आणि ग्रामीण भागातील शिकारी रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवतात व स्वतः भरतात. त्यासाठी हाताने चालविण्याचे एक वजनदार दाबयंत्र, प्रत्येक मापाच्या काडतुसासाठी वेगळे पोलादी साचे आणि अतिशय सूक्ष्म वजन करणारा काटा लागतो. दाबयंत्र एकदा घेतले की आयुष्यभर पुरते. म्हणजे भांडवली खर्च आरंभी एकदाच आणि बचत मात्र पुढे वर्षानुवर्षे, असा हा व्यवहार आहे.

ही साधने बनविणारे बहुतेक नामांकित कारखाने अमेरिकेत आहेत. कॅनडाची लोकसंख्या अमेरिकेच्या सुमारे एक अष्टमांश. तेव्हा तेथील दुकानदार प्रत्येक मापाचा साचा आणि प्रत्येक सुटा भाग साठवून ठेवील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. गरजू ग्राहकाची नजर सीमेपलीकडे वळते ती यामुळेच.

बिलाची फोड

हिशेबासाठी असे मानू की ऑन्टारिओ प्रांतातील एका ग्राहकाने अमेरिकन दुकानातून १०० अमेरिकन डॉलरची साधने टपालाने मागविली, टपालखर्च ३० डॉलर आला आणि एका अमेरिकन डॉलरला १.४० कॅनडियन डॉलर असा विनिमयाचा दर आहे. वस्तूची किंमत झाली १४० कॅनडियन डॉलर आणि टपालखर्च ४२. परकीय चलनातील व्यवहारावर क्रेडिट कार्डाचा अधिभार अडीच टक्के धरला तर त्याचे ४.५५ डॉलर होतात. ऑन्टारिओतील एकत्रित विक्रीकर १३ टक्के, म्हणजे १८.२० डॉलर. शिवाय हा कर वसूल करण्याबद्दल टपाल खात्याचे हाताळणी शुल्क ९.९५ डॉलर धरावयाचे. एकूण बेरीज २१४.७० डॉलर. वस्तूच्या मूळ किमतीहून ही रक्कम ५३ टक्क्यांनी अधिक आहे आणि तीत जकातीचा एक छदामही नाही!

आता हाच ग्राहक केवळ २५ अमेरिकन डॉलरचा एक सुटा साचा मागवितो असे धरू. वस्तू ३५ कॅनडियन डॉलरची, २० अमेरिकन डॉलर टपालखर्चाचे २८, कार्डाचा अधिभार सुमारे १.५८, कर ४.५५ आणि हाताळणी शुल्क पुन्हा तेच ९.९५. एकूण ७९ डॉलरांहून थोडे अधिक, म्हणजे मूळ किमतीच्या सव्वादोन पट. १४० डॉलरच्या मालावर हाताळणी शुल्क ७ टक्के पडते, ३५ डॉलरच्या मालावर ते २८ टक्के होते आणि १,४०० डॉलरचा माल मागविणाऱ्याला ते एक टक्काही जाणवत नाही. खासगी कुरिअरमार्फत माल आल्यास जकातविषयक सोपस्कारांची दलाली वेगळी द्यावी लागते. तीही किमतीच्या सरळ प्रमाणात वाढत नसल्यामुळे तिचा भार लहान मागणीवरच अधिक पडतो.

यातील विक्रीकराला सीमेचा खर्च म्हणणे योग्य होणार नाही. तोच माल ऑन्टारिओतील दुकानातून घेतला असता तरी तो भरावाच लागला असता. विनिमयाच्या दराचेही तेच. जानेवारी २००२ मध्ये कॅनडियन डॉलर सुमारे ६२ अमेरिकन सेंटपर्यंत घसरला होता, तर सप्टेंबर २००७ मध्ये तो अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला. म्हणजे १०० अमेरिकन डॉलरच्या साधनाला एकदा १६० च्या वर कॅनडियन डॉलर मोजावे लागत होते आणि पाच-सहा वर्षांनी तेवढ्याच साधनाला सुमारे शंभर. हा चलनाचा खेळ झाला. खऱ्या अर्थाने सीमेचा म्हणावा असा खर्च तो, जो केवळ नाका ओलांडल्यामुळे पडतो आणि जो पुडके केवढे आहे हे न पाहता पडतो.

जकातीशी त्याची तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेच्या वाढीव जकातीला उत्तर म्हणून मार्च २०२५ मध्ये कॅनडाने निवडक अमेरिकन मालावर २५ टक्के प्रतिजकात बसविली. त्यात अवजारे आणि क्रीडासाहित्य यांचाही समावेश होता. १ सप्टेंबर २०२५ पासून पोलाद, ॲल्युमिनियम आणि वाहने वगळता ती बहुतांशी मागे घेण्यात आली. या जकातीवर सभागृहांत आणि वृत्तपत्रांत रणे माजली. पुडक्यावरच्या ठोक शुल्काबद्दल मात्र कोणी सभागृह दणाणून सोडत नाही.

नकाराची किंमत

बिलात न दिसणारा एक खर्च याहूनही मोठा आहे. अमेरिकेतील शस्त्रनिर्यातीवर १९७६ च्या कायद्याखाली परराष्ट्र खात्याचे नियंत्रण चालत आले. बिनलष्करी बंदुका, त्यांची काडतुसे आणि काडतुसांचे सुटे भाग यांपैकी बराचसा माल ९ मार्च २०२० पासून वाणिज्य खात्याच्या यादीत गेला. यादी आणि खाते बदलले. परवान्याची पद्धत नाहीशी झाली नाही. या नव्या यादीत दारूगोळा बनविण्याच्या यंत्रसामग्रीवर नियंत्रण ठेवताना काडतुसे हाताने भरण्याची साधने त्यातून वगळलेली आहेत. परंतु हा अपवाद वाचून त्याचा अर्थ लावण्याइतकी सवड व कायद्याचा सल्ला लहान दुकानदाराला कोठून मिळावा? एका साच्यामागे त्याला दहा-पाच डॉलरांचा नफा. चूक झाल्यास दंडाची टांगती तलवार. तेव्हा परदेशातील मागणी सरसकट नाकारणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा व्यवहार ठरतो. कायद्याने न केलेली बंदी अशा रीतीने भीतीने अमलात येते. जो व्यवहार झालाच नाही त्याची नोंद कोणत्याही व्यापारी आकडेवारीत होत नाही. पण ग्राहकाचे नुकसान व्हावयाचे ते होतेच.

अर्थशास्त्रज्ञांनी या अदृश्य भिंतीची उंची मोजण्याचे प्रयत्न केले आहेत. जॉन मॅकॅलम यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९८८ च्या आकडेवारीनुसार कॅनडाच्या प्रांतांचा परस्परांतील व्यापार, तेवढ्याच अंतरावरच्या व तेवढ्याच मोठ्या अमेरिकन राज्यांशी असलेल्या व्यापाराच्या सुमारे २२ पट असल्याचे दाखविले. अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी २००३ मध्ये या पद्धतीतील दोष दूर केला. तरीही सीमेमुळे दोन देशांतील व्यापार सुमारे ४४ टक्क्यांनी घटतो, असाच त्यांचा निष्कर्ष निघाला. एंगेल आणि रॉजर्स यांनी १९९६ मध्ये दोन्ही देशांतील २३ शहरांच्या किमती तपासल्या आणि किमतींतील तफावतीच्या दृष्टीने ही सीमा ओलांडणे म्हणजे ७५ हजार मैलांचे अंतर तोडण्यासारखे आहे, असे अनुमान काढले. पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या तरी एवढे मैल भरतात!

सुरक्षिततेचा प्रश्न

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. विषय पादत्राणांचा किंवा पुस्तकांचा नाही, दारूगोळ्याचा आहे. एप्रिल २०२० मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात एका माथेफिरूने २२ जणांचे बळी घेतले. अशा देशाने शस्त्रांच्या बाबतीत नाक्यावर सैल राहावे, असे कोणी सुचविणार नाही. दारू आणि टोप्या हे स्फोटक पदार्थ आहेत. त्यांची ने-आण साध्या टपालाने होऊ नये हेच योग्य. परंतु त्या हत्याकांडात वापरलेल्या बंदुकांपैकी काही अमेरिकेतून चोरट्या मार्गाने आणलेल्या होत्या, हे चौकशीत निष्पन्न झाले आहे. चोरट्याने जकातीचा फॉर्म भरला नव्हता आणि हाताळणी शुल्कही दिले नव्हते. ठोक शुल्क आणि संदिग्ध नियम यांचा भार नेमका त्याच्यावर पडतो, जो आपले नाव-पत्ता देऊन आणि पावती घेऊन माल मागवितो. धोकादायक वस्तूंवर कठोर नियंत्रण हवे. पण लोखंडाच्या साच्याला आणि स्फोटक दारूला एकाच संशयाने वागविल्याने सुरक्षितता वाढत नाही, खर्च मात्र वाढतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून परदेशी विक्रेत्यांकडूनच, विक्रीच्या वेळी, कमी किमतीच्या मालावरील कर वसूल करण्यास आरंभ केला. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून १५० युरोपर्यंतच्या मालासाठी तशीच सोय केली. कर दुकानातच भरला गेला की नाक्यावर पुडके अडवून त्यासाठी वेगळे शुल्क घेण्याचे कारण उरत नाही. कॅनडात मात्र टपालाने येणाऱ्या मालाची करमाफी २० डॉलरांवरच थांबली. २०२० च्या कराराने अमेरिका व मेक्सिकोतून कुरिअरने येणाऱ्या मालाला करासाठी ४० आणि जकातीसाठी १५० डॉलरची मर्यादा दिली, टपालाला दिली नाही. स्वस्त मार्ग पत्करणाऱ्या ग्राहकालाच कमी सवलत, असा हा उफराटा न्याय आहे. दुसरीकडे अमेरिकेने २०१६ पासून दिलेली ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी स्थगित केली. जगाचे वारे नाके मोकळे करण्याच्या दिशेने वाहत नाहीत, हे यावरून ध्यानात यावे.

महाराष्ट्राला हा धडा अपरिचित नाही. १ जुलै २०१७ रोजी मुंबईची जकात संपेपर्यंत शहराच्या वेशीवर मालमोटारींच्या रांगा लागत. तेथे व्यापाऱ्याला जकातीइतकेच खोळंब्याचे आणि कागदपत्रांचेही पैसे मोजावे लागत व मोठ्या पेढीपेक्षा लहान दुकानदाराला ते अधिक जड जात. कराचा दर कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला असतो, म्हणून त्यावर वाद घालता येतो. नाक्याचा खर्च कोठेच लिहिलेला नसतो. मुक्त व्यापाराचे करार दराचा आकडा शून्यावर आणून थांबतात तेव्हा त्याचा लाभ जहाजे भरून माल आणणाऱ्यांना होतो. एक साचा मागविणारा ग्राहक नाक्याबाहेरच उभा राहतो. व्यापार कितपत मुक्त झाला याचे मोजमाप करावयाचे असेल, तर ते सर्वांत लहान पुडक्यापासून करावयास हवे.