पंधरा बाइटांची ‘मराठी’

संगणकाच्या स्मृतीत अक्षर नसते. तिथे असतात अतिसूक्ष्म कप्पे आणि त्यांत विद्युतभार आहे की नाही, एवढीच नोंद. भार असला तर १, नसला तर ०. ही एक नोंद म्हणजे एक बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. एका बाइटात ०-१ च्या २५६ निरनिराळ्या जुळण्या बसतात. कोणत्या जुळणीचा अर्थ काय, हे मात्र माणसांनी आपसांत ठरवावे लागते.

अमेरिकेत १९६३ साली आलेल्या आस्की या मानकात सात बिटे होती, म्हणजे १२८ जागा. त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मावली; देवनागरीला वाव नव्हता. भारतीय लिप्यांसाठी पुढे इस्की हे मानक झाले खरे, पण छपाईच्या रोजच्या कामात फॉन्ट बनवणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर त्यांनी देवनागरीचे आकार बसवले. पडद्यावर मराठी दिसे, आत रोमनचे क्रमांक असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग समोर येई. कितीतरी मराठी मजकूर असा एकेका फॉन्टला जखडला गेला, आणि त्याचे नुकसान मोठे आहे.

१९९१ साली आलेल्या युनिकोडने प्रत्येक लिपीच्या प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक द्यायला सुरुवात केली. देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ हे क्रमांक आले. त्यात ‘म’चा क्रमांक २३५०, द्विमान पद्धतीत १००१००१०१११०. ही बारा बिटे एका बाइटात मावत नाहीत. त्यावर केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही रचना काढली. तिच्यात ‘म’ असा साठवला जातो:

१११००००० १०१००१०० १०१०१११०

पहिल्या बाइटाच्या आरंभीचे १११० सांगते की हा वर्ण तीन बाइटांचा आहे. पुढच्या दोन्ही बाइटांच्या आरंभीचे १० सांगते की हा मागच्याचाच भाग आहे. या खुणा वगळून उरलेली बिटे जोडली की, सुरुवातीची शून्ये सोडता, २३५० हाच आकडा मिळतो. वाचन मध्येच कुठून सुरू झाले तरी वर्णाचा आरंभ सापडतो. या रचनेचे खरे कौशल्य इथे आहे.

‘मराठी’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. संगणक पाच वर्ण मोजतो: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. प्रत्येकी तीन, असे पंधरा बाइट. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष, म्हणून त्याला नऊ बाइट लागतात. ‘कि’मधली वेलांटी लिहिताना आधी येते, पण साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर. क्रम उच्चाराचा ठेवला, आकाराचा नाही, हा निर्णय फार मोलाचा ठरला. शोध आणि वर्णानुक्रम त्यामुळेच सोपे झाले. वेलांटी डावीकडे नेणे, जोडाक्षर घडवणे ही कामे फॉन्ट आणि पडद्यावर अक्षरे मांडणारी प्रणाली करते. ‘तऱ्हा’मधला खास मराठी अर्धा र साधण्यासाठी नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त वापरतात. ‘ॲ’ला मात्र स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ उजाडले.

साध्या एसएमएसमध्ये हा हिशेब थेट जाणवतो. एका संदेशाला १४० बाइट मिळतात. सात बिटांच्या रोमन अक्षरांत १६० वर्ण बसतात. देवनागरीसाठी तिथे प्रत्येक वर्णाला सोळा बिटे लागतात, त्यामुळे ७० च बसतात, आणि त्यांत काना-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात.