स्कॅन झालंय ना? मग रद्दीत द्या!

‘आता सगळं नेटवर आहे, ही बाडं कशाला सांभाळायची?’ सोलापूरच्या भवानी पेठेत हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता बोलणाऱ्याकडे मान वळवून बघतही नाही. वाचनालयाच्या बैठकीत निघतं, घर पाडून नवं बांधताना निघतं, आजोबांची ट्रंक उघडल्यावर निघतं. बोलणारे अडाणी नसतात. बरेचदा ते घरातले सगळ्यात शिकलेले असतात, आणि म्हणूनच त्यांचं ऐकून टेम्पो बोलावला जातो. पूर्व भागातल्या खोल्या लहान, एप्रिल-मेच्या उन्हात पत्रा तापलेला, भिंतीतून वाळवी. जागेची अडचण खरी आहे. पण ‘जागा नाही’ हे एक कारण झालं आणि ‘नेटवर आहे’ हे दुसरं. पहिलं मला समजतं. दुसरं बहुतेक वेळा खोटं निघतं, आणि खरं असलं तरी पुरेसं नसतं.

‘नेटवर आहे’ म्हणजे नेमकं कुठे, कुणाकडे, कुणाच्या पैशावर? या तीन प्रश्नांची उत्तरं आल्याशिवाय कागदाला हात लावू नये. उदाहरण आपल्याच देशाचं देतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या राज रेड्डींच्या कल्पनेतून दहा लाख पुस्तकांची योजना निघाली. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने पुढाकार घेतला आणि ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. देशभर स्कॅनिंग केंद्रं होती, खर्च सरकारी होता. पाच लाखांच्या आसपास पुस्तकं झाली. त्यात मराठी पुस्तकंही भरपूर. अनेक वाचनालयांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला: दिल्लीचं सरकार बघतंय, आपण मोकळे.

मग २०१६-१७च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडलं. योजनेत कॉपीराइट न संपलेली पुस्तकंही सरसकट घुसली होती, त्याच्या तक्रारी होत्या. कारण काहीही असो, वाचकाच्या दृष्टीने एवढंच झालं की पत्ता टाकला तर पान उघडेना. ती पुस्तकं आज वाचता येतात ती एका परक्या माणसाच्या खटपटीमुळे. कार्ल मालामुद या अमेरिकन कार्यकर्त्याने आणि त्याच्या ‘पब्लिक रिसोर्स’ने त्या फायलींची प्रत सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर चढवली. तिथे यातल्या एखाद्या मराठी पुस्तकाचा पत्ता बारकाईने बघा. त्यात अजून ‘इन.अर्नेट.डीएलआय.२०१५’ ही अक्षरं दिसतील. मूळ भारतीय संकेतस्थळाच्या नावाचा तेवढाच अवशेष उरला आहे.

इथे लोक मला अडवतात. ‘म्हणजे वाचली ना पुस्तकं? मग तक्रार कसली?’ तक्रार अशी की हे नियोजन नव्हतं. कुणाला तरी वेळेत सुचलं म्हणून ते झालं. जे नेलं नाही, ते गेलं.

शिवाय जे उरलं ते कसं आहे तेही पाहावं. योजनेतली बहुतेक पानं निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन झाली, राखाडी छटेशिवाय. छापील मजकुराला ते चालतं. फोटो, रंगीत नकाशा, पेन्सिलीने केलेल्या नोंदी यांचे डाग उरतात. पानं सुटलेली, कडेचे शब्द कापले गेलेले, कुठे स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. मराठी नावं रोमन लिपीत अशी काही टंकलेली की लेखकाच्या मुलालाही आपल्या वडिलांचं पुस्तक शोधून सापडू नये. असं स्कॅन हाताशी आहे म्हणून धडधाकट मूळ प्रत किलोच्या भावाने देणाऱ्याला काय म्हणावं?

बरं, सगळा भार ज्या इंटरनेट आर्काइव्हवर आहे, तिचं तरी काय? १९९६ साली ब्रूस्टर केल यांनी काढलेली ही ना-नफा संस्था देणग्यांवर चालते. २०१७च्या ऑगस्टमध्ये ती भारतातून उघडेनाशी झाली. दोन हिंदी चित्रपटांची चोरी थांबवा म्हणून निर्माते मद्रास उच्च न्यायालयात गेले, २,६०० हून अधिक संकेतस्थळं अडवण्याचा आदेश निघाला, आणि त्या यादीत आर्काइव्हही होती. त्यातला एक चित्रपट ‘जब हॅरी मेट सेजल’. दोन सिनेमांसाठी लाखो पुस्तकांचं दार बंद! नंतर ते उघडलं. पण १८८४चं सोलापूर गॅझेटियर तिथेच वाचणाऱ्या इथल्या अभ्यासकाने त्या दिवसांत काय करायचं होतं?

पुढे अमेरिकेतल्या बड्या प्रकाशकांनी, हॅशेट वगैरेंनी, आर्काइव्हवर २०२० मध्ये दावा लावला. मार्च २०२३ मध्ये आर्काइव्ह हरली, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरली. परिणामी पाच लाखांहून अधिक पुस्तकं उसनी देणं तिला थांबवावं लागलं. ती सगळी कॉपीराइटमधली होती. आपली जुनी मराठी पुस्तकं त्यात नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रकाशकांचा मुद्दा अगदीच गैर होता असंही मला वाटत नाही. त्यानंतर महिन्याभरात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला. ३.१ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली आणि संकेतस्थळ काही दिवस पूर्ण बंद राहिलं.

‘ती देणग्यांवरची संस्था, मोठ्यांचं तसं होत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटिश लायब्ररी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीखोर हॅकर तिथे शिरले. लायब्ररीने खंडणी दिली नाही, तेव्हा त्यांनी सुमारे ६०० जीबी माहिती उघड्यावर टाकली. मुख्य ग्रंथसूची वाचकांना पुन्हा दिसायला जानेवारी २०२४ उजाडलं. त्या काळात पुस्तकं कपाटात होती, पण कुठलं कुठे आहे हे सांगणारी यादीच बंद होती. आणि दक्षिण कोरिया तर तंत्रज्ञानाचा देश. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि अधिकाऱ्यांच्या कामाच्या फायलींचं ८५८ टेराबाइटचं भांडार गेलं. त्याची दुसरी प्रत नव्हती. ‘क्लाउडवर आहे’ म्हणणाऱ्याला माझं एवढंच सांगणं की क्लाउड म्हणजे दुसऱ्याचं कपाट, आणि तेही जळतं.

याहून गुपचूप होणारं नुकसान आपल्याकडे जास्त आहे. भवानी पेठेत हे समजावणं सोपं जातं. जकार्ड मागावर चादरीचं डिझाइन भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेत असतं. माग भंगारात गेला आणि माळ खुंटीवर राहिली, तर डिझाइन ‘आहे’ खरं, पण चादर काही निघत नाही. आपल्या संगणकावरच्या मराठीचं नेमकं हेच झालंय. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे ज्याचे त्याचे फाँट होते. पडद्यावर ‘क’ दिसायचा, आत मात्र त्या कंपनीने ठरवलेलं भलतंच चिन्ह साठायचं. फाँट गेला की मजकुराचा कचरा होतो. मराठी वृत्तपत्रांची सुरुवातीची संकेतस्थळं अशाच फाँटांवर होती. त्यांची जपलेली पानं आज उघडली तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. आपल्या गल्लीतल्या डीटीपीवाल्यांकडची नव्वदच्या दशकातली स्मरणिका, जातपंचायतीच्या घटना, गिरणी कामगारांची पत्रकं पेजमेकरमध्ये आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. त्या फायली ज्यांच्या जुन्या संगणकात आहेत त्यांनी तो विकायच्या आधी त्यांची पीडीएफ काढावी आणि शक्य तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. फाँट बदलणारी साधनं फुकट मिळतात.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘नेटवर आलेलं कधी पुसलं जात नाही.’ बदनामीचा व्हिडिओ पुसला जात नाही, एवढंच खरं. अमेरिकेच्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये तपासलं, तर २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती.

‘सरकारी संकेतस्थळ आहे, ते कुठे जातंय!’ जातं. खातं बदललं, कंत्राटदार बदलला की पत्ता बदलतो, आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पोचवायची व्यवस्था कुणी करत नाही.

‘नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे की.’ आयआयटी खरगपूरची ही योजना वेगळी आणि उपयोगी आहे, पण ती मुख्यतः शोधसूची आहे. पुस्तक दुसऱ्याच्या संकेतस्थळावर असतं. तिथलं गेलं की इथे नुसतं नाव उरतं.

‘पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलंय.’ कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या पेनड्राइव्हवर अवलंबून राहू नये. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि वर्षातून एकदा उघडून बघायचं. हे उघडून बघणं कुणीच करत नाही.

‘पीडीएफ आहे म्हणजे शोधता येतं.’ स्कॅनची पीडीएफ म्हणजे फोटोंची चळत. त्यातलं देवनागरी ओळखून घ्यावं लागतं, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईत यंत्र जोडाक्षरांना हमखास फसतं.

‘एआयला सगळं माहीत असतं.’ जे कुणी स्कॅनच केलं नाही, ते त्यालाही माहीत नाही. १९३०च्या मार्शल लॉच्या वेळचं एखादं सोलापुरी पत्रक विचारून बघा. नसलं तर बेधडक रचून देईल.

‘स्कॅन करणं बेकायदेशीर आहे.’ ही भीती मात्र सभ्य माणसांना वाटते, म्हणून नीट सांगतो. लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. १९६५ मध्ये वारलेल्या लेखकाची पुस्तकं १ जानेवारी २०२६ला मोकळी झाली. ज्यांचा काळ संपलेला नाही त्यांच्यासाठीही २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एन)मध्ये सोय झाली: ना-नफा सार्वजनिक वाचनालय जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू शकतं. अट एकच, कागदी प्रत त्याच्याकडे आधीपासून असली पाहिजे. स्कॅन करून मूळ प्रती विकायचा ठराव मांडणाऱ्या कार्यकारिणीने हे कलम ठरावाच्या आधी मोठ्याने वाचावं.

‘कायद्याने सरकार एक प्रत ठेवतंच ना?’ छापील पुस्तकाची ठेवतं, आणि एक नव्हे. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. चार प्रती, चार शहरं. सोलापुरातले किती प्रकाशक त्या खरंच पाठवतात, हा प्रश्न त्यांनाच विचारावा. पण नुसती पीडीएफ म्हणून निघणारी स्मरणिका किंवा फक्त नेटवर येणारा दिवाळी अंक या कायद्यात बसत नाही. ब्रिटनने २०१३ पासून अशा प्रकाशनांच्या आणि संकेतस्थळांच्या प्रती ठेवण्याचा अधिकार आपल्या ग्रंथालयांना दिला. आपल्याकडे तशी तरतूद होईपर्यंत अशा अंकाच्या दोन प्रती छापून एक गावच्या वाचनालयात आणि एक बाहेरगावच्या मोठ्या ग्रंथालयात देणं एवढं संपादकाच्या हातात आहे. खर्च एका जाहिरातीतून निघतो.