गिअरबॉक्स उघडण्याआधी

ऑटोमॅटिक गाडी चालता चालता एकाच गिअरला अडकली आणि डॅशबोर्डवर दिवा लागला, की लगेच निकाल दिला जातो : गिअरबॉक्स गेला. चंद्रपूर-गडचिरोलीत हा निकाल फार महागात पडतो. भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंच्याहून गाडी चंद्रपूरला, कित्येकदा थेट नागपूरला न्यावी लागते आणि एकदा उघडलेला गिअरबॉक्स स्वस्तात परत बसत नाही. माझं म्हणणं असं, की अशा वेळी संशय आधी विजेवर घ्यावा, गिअरबॉक्सच्या पोटातल्या भागांवर नंतर. याला आधार त्या अडकण्यातच आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत गिअर बदलतो तो तेलाच्या दाबाने. हा दाब कुठे सोडायचा, ते सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह ठरवतात आणि त्यांना हुकूम देतं कंट्रोल युनिट. सेन्सरचा आकडा जुळेना किंवा सोलेनॉइडचं सर्किट तुटलं, की युनिट पुढचं नुकसान टाळण्यासाठी सोलेनॉइडची वीज बंद करतं. वीज नसली तरी पुढचा एक गिअर आणि रिव्हर्स मिळावा, अशी रचना अनेक गिअरबॉक्समध्ये मुद्दाम केलेली असते. म्हणजे गाडी त्या एका गिअरमध्ये न घसरता ओढत असेल, तर पंप, तेलाचा दाब आणि त्या गिअरचे क्लच शाबूत असल्याची ती साक्षच आहे. एएमटीचं, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल गिअरबॉक्सचं गणित मात्र वेगळं. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या या प्रकारात गिअरबॉक्स आणि क्लच साधेच असतात. पाय आणि हात यांचं काम विजेवर चालणारी यंत्रणा करते. तिथे वीज रुसली तर गिअरच पडत नाही, म्हणून वायरिंग तपासणं आणखी गरजेचं.

आपल्याकडची हवाही वायरिंगच्या मुळावर उठलेली. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी जास्त. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांना १५ ओहम दाखवणारी सोलेनॉइडची कॉइल १०० अंशांना साडेएकोणीसच्या आसपास जाते. एवढी वाढ गृहीत धरलेलीच असते, पण त्याच सर्किटमध्ये कपलरची, म्हणजे वायरी जोडणाऱ्या सॉकेटची, एखादी पिन सैल असेल, तर तिचा रोध या वाढीत मिसळतो. सकाळी नीट धावणारी गाडी दुपारी अडकते ती अनेकदा यामुळे. मग पावसाळा. पर्लकोटा नदीचं पाणी चढून भामरागडचा रस्ता बंद होतो. पाणी ओसरायच्या आत रपट्यावरून काढलेल्या गाडीच्या खालच्या कपलरमध्ये ओल शिरते. ती तेव्हा काहीच करत नाही. काही आठवड्यांनी पिनेवर हिरवट थर चढतो आणि दिवा लागतो भर उन्हात, तोवर पुराची आठवणही गेलेली असते. उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे वेगळंच प्रकरण.

यावर कुणी म्हणेल, स्कॅनर लावला की सगळं कळतंच. तसं नाही. पी०७०० हा कोड एवढंच सांगतो, की गिअरबॉक्सच्या युनिटने तक्रार नोंदवली आहे. खरी तक्रार त्या युनिटलाच विचारावी लागते. पी०७५३ आला म्हणून सोलेनॉइड बदलणं हीही घाईच, कारण तो कोड सर्किटबद्दल बोलतो, आणि सर्किटमध्ये कॉइल, कपलर, वायर आणि युनिट सगळेच येतात. सर्वांत वाईट म्हणजे नोंद न करता कोड पुसून टाकणं; दोष आला तेव्हाचा वेग आणि तापमान बहुतेक गाड्या साठवून ठेवतात, तो पुरावा त्याबरोबर नाहीसा होतो.

दुसरी हरकत अशी, की तालुक्याच्या गॅरेजमध्ये एवढी साधनं कुठली? सुरुवातीला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूला लावून दिवे आणि पंखा चालू करावा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असायला हवा. अर्धा व्होल्ट आला तर अर्थिंगची वायर काढून तिची टोकं घासावीत. नुसत्या कंटिन्युइटीच्या आवाजावर विसंबू नये. वायरीतली एकच तार उरली असली तरी मीटर वाजतो, भार पडला की तीच वायर हात टेकते. इंजिन बंद, चावी चालू ठेवून कपलर आणि वायरी एकेक हलवत स्कॅनरवरचा आकडा पाहिला, तर कुठे उडी बसते ते दिसतं. कामाला एखादा तास लागतो, गिअरबॉक्स उतरवायला त्याच्या कितीतरी पट.

दोष खरोखर आतलाच असू शकतो, हे नाकारून चालणार नाही. तेलाला जळका वास येत असेल, त्यात धातूचा चुरा असेल किंवा इंजिन गुरगुरूनही गाडी वेग घेत नसेल, तर मीटरवर वेळ घालवू नये. मात्र अशी टॉर्क कन्व्हर्टरची गाडी दोरी बांधून आलापल्लीपासून ओढत आणणं टाळावं. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात आणि ते तेलाविना झिजतात. गाडी चारही चाकं उचलून ट्रकवर आणावी, आणि निघण्याआधी कोड, बॅटरीचा व्होल्टेज आणि दोष गरम झाल्यावर येतो की थंड असतानाही, एवढं कागदावर लिहून द्यावं.