विलायतेंतील स्वस्त मोबाईल-सेवा

ज्यांच्या घरचें कोणी ना कोणी शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं इंग्लंडांत गेलेलें आहे, अशीं कुटुंबें आमच्या वाचकवर्गांत आतां थोडीं नाहींत. मुलगा अगर मुलगी तिकडे जावयास निघाली, कीं घरांतील वडील माणसांच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो जेवणाचा आणि दुसरा फोनचा. पहिल्या प्रश्नाची तरतूद मेतकूट, लोणचें व थालिपिठाची भाजणी ह्यांच्या रूपानें महिनाभर आधींच झालेली असते. दुसऱ्याचा विचार मात्र कोणी फारसा करीत नाहीं. विमानतळावर जें सिम कार्ड प्रथम दिसेल तें घ्यावें, अगर एखाद्या मित्रानें सुचविलें म्हणून त्याचेंच घ्यावें, असा बहुतेकांचा क्रम असतो. ह्या बाबतींत थोडी माहिती आधीं करून घेतल्यास पैसा आणि मनस्ताप दोन्ही वांचतात, हें आम्हांस ठेंच लागल्यावर कळलें.

आमचा पुतण्या दोन वर्षांपूर्वीं उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठांत शिकावयास गेला. तेथें त्यानें एका स्वस्त कंपनीचें सिम घेतलें. दर कमी, डेटा भरपूर आणि दीर्घ मुदतीचें बंधन नाहीं, एवढें पाहून घरांतील सर्वांनीं त्याच्या काटकसरीचें कौतुकच केलें. वर्गांत, रस्त्यावर, स्टेशनावर फोन उत्तम चाले. परंतु त्याची खोली एका जुन्या दगडी घराच्या तळमजल्यावर होती, आणि तेथें पाऊल टाकतांच फोन मुका होई. घरांतील वाय-फाय सुरू होण्यास महिना लागला. त्या महिन्यांत आमच्या मातुःश्री दर रविवारीं दिवेलागणीनंतर फोनजवळ येऊन बसत आणि नातवाचा आवाज न ऐकतांच उठून जात. बोलून दाखवीत नसत, पण त्या रात्रीं त्यांचें जेवणाकडे लक्ष नसे. पुढें एकदां घरभाडें भरण्याच्या दिवशीं बँकेचा ओटीपी वेळेवर आला नाहीं, भाडें थकलें, आणि परक्या मुलखांत घरमालकिणीपुढें त्या मुलास ओशाळें व्हावें लागलें.

घरांत निकाल लागलाच होता: स्वस्ताच्या मागें लागल्याचें हें फळ, आतां दुपटीनें पैसे गेले तरी चालतील, पण मोठ्या कंपनीचेंच सिम घ्यावें. तसें त्यास कळविणार, इतक्यांत त्याचेंच बोलणें आलें. शेजारच्या खोलींतील विद्यार्थ्याचा फोन त्याच तळमजल्यावर स्वच्छ चालत होता, आणि त्याचेंही सिम तितकेंच स्वस्त होतें! दोघांच्या कंपन्या निराळ्या होत्या, एवढ्यानें हें कोडें सुटत नव्हतें. त्या दोन कंपन्या दोन निराळ्या मोठ्या नेटवर्कांवर चालत होत्या, ह्यांत खरें उत्तर होतें.

हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचित नसल्यामुळें थोडें स्पष्टीकरण आवश्यक आहे. मोबाईल-सेवेसाठीं देशभर टॉवर उभारावे लागतात आणि रेडिओलहरींचे पट्टे वापरण्याचा परवाना मोठी रक्कम मोजून घ्यावा लागतो. असें अवाढव्य काम थोड्याच कंपन्यांस झेंपतें. ब्रिटनमध्यें ईई, ओटू, व्होडाफोन आणि थ्री हीं चार नांवें ह्या वर्गांतील. त्यांपैकीं व्होडाफोन व थ्री ह्यांचें २०२५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस एकत्रीकरण झाल्यापासून मालक तीनच उरले आहेत. बाकीच्या अनेक कंपन्यांचा स्वतःचा टॉवर नसतो. त्या मोठ्या कंपनीकडून मिनिटें व डेटा घाऊक भावानें घेतात आणि आपल्या नांवाच्या सिमवर किरकोळीनें विकतात. व्यापाराच्या परिभाषेंत त्यांस एमव्हीएनओ म्हणतात. ब्रिटनमध्यें १९९९ सालीं व्हर्जिन मोबाईलनें वन-टू-वन ह्या कंपनीच्या नेटवर्कवर हा व्यापार सुरू केला. टेस्को ही वाणसामानाची प्रचंड पेढी २००३ पासून ओटूच्या नेटवर्कवर स्वतःच्या नांवाची मोबाईल-सेवा विकीत आहे. आपल्या देशांतही २०१६ सालीं अशा कंपन्यांसाठीं परवान्याचे नियम झाले. परंतु घरोघरीं नांवें ऐकूं येतात तीं जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल ह्यांचींच.

जुन्या वाड्यांतील पाणक्याची आठवण आमच्या वृद्ध वाचकांस असेल. विहीर एकाची, पाणक्या तिचें पाणी आणून दारोदार घालीत असे. पाणी गोड कीं मचूळ, उन्हाळ्यांत टिकेल कीं आटेल, हें विहिरीवर अवलंबून असे. पाणक्याच्या हातीं असे तें इतकेंच: दर काय घ्यावा, खेपा किती घालाव्या, आणि तक्रार केल्यास ऐकून घ्यावें कीं नाहीं. स्वस्त मोबाईल-कंपनी ही पाणक्या आहे. आम्ही सर्वांनीं पाणक्याचा दर पाहिला, विहीर पाहिली नाहीं, ही आमची चूक. आणि विहीर न पाहतां पाणक्यासच दोष द्यावयास निघालों, ही दुसरी.

म्हणून निवडीचा क्रम उलटा करावयास पाहिजे. प्रथम, ज्या घरांत राहावयाचें त्या घरांत कोणतें मोठें नेटवर्क पोंचतें, हें पाहावें. ब्रिटनमधील ऑफकॉम ही नियामक संस्था ह्यासाठीं नकाशा उपलब्ध करून देते. त्यांत पत्त्याचा पोस्टकोड घातला कीं चारही नेटवर्कांची स्थिति दिसते. तथापि नकाशा भिंतीची जाडी ओळखीत नाहीं; म्हणून त्याच घरांत राहणाऱ्या दोघांतिघांस विचारणें हा उत्तम मार्ग. नेटवर्क ठरल्यावर त्यावर चालणाऱ्या स्वस्त कंपन्या शोधाव्या. गिफगाफ ही ओटूवर चालते आणि तिचीच आहे. व्हॉक्सी ही व्होडाफोनची, तर स्मार्टी ही थ्रीची. म्हणजे मोठ्या कंपनीनेंच दुसऱ्या नांवानें थाटलेलीं हीं स्वस्त दुकानें होत. लेबारा ही व्होडाफोनच्या नेटवर्कवर चालते, लायकामोबाईल ईईच्या. ह्या शेवटच्या दोघींच्या पुष्कळ योजनांत भारतांत बोलण्याचीं मिनिटें समाविष्ट असतात. ज्या घरच्या आजी अजून साध्या फोनवरच बोलतात, त्या घरास ही सोय लहान नव्हे.

आतां पाणक्याची परीक्षा. दर कमी असतो तो कांहीं फुकट नव्हे. पुष्कळ स्वस्त कंपन्यांचीं दुकानें नसतात, नोकरवर्ग थोडा असतो. गिफगाफमध्यें तर ग्राहकांच्या शंकांचें निरसन पुष्कळसें इतर ग्राहकच करतात. शिवाय मोठ्या कंपनीच्या सर्व सोयी लहान कंपनीस मिळतातच असें नाहीं. म्हणून तीन गोष्टी आधीं विचाराव्या. पहिली, वाय-फायवरून साधा फोन करण्याची व संदेश घेण्याची सोय आहे काय? जाड भिंतींच्या घरांत हिच्यावांचून चालत नाहीं. दुसरी, फोरजीवरून बोलण्याची सोय आपल्या हातांतील फोनवर चालेल काय? ब्रिटनमधील कंपन्यांनीं थ्रीजी-सेवा बंद करीत आणल्यामुळें ह्या प्रश्नास महत्त्व आलें आहे, आणि भारतांतून नेलेला प्रत्येक फोन तेथील प्रत्येक कंपनीशीं जुळेलच असें नाहीं. तिसरी, वेगावर कांहीं मर्यादा आहे काय, आणि फ्रान्स-जर्मनीकडे सहलीस गेल्यास आकार काय पडेल? ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडल्यापासून ह्या शेवटच्या बाबतींत प्रत्येक कंपनीचा नियम निराळा आहे.

मुदतीविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. नव्यानें गेलेल्या माणसानें पहिलें सिम एक महिन्याचेंच घ्यावें. दोन वर्षांच्या करारासाठीं कंपनी अर्जदाराचा कर्जफेडीचा पूर्वेतिहास पाहते आणि नवख्याजवळ तो नसतो. शिवाय तीन महिन्यांनीं खोली बदलली तर नेटवर्कही बदलावें लागण्याचा संभव असतो. पैशाचा हिशेबही सोपा आहे. समजा, एकीकडे महिना २५ पौंड पडतात आणि दुसरीकडे १०. तर २४ महिन्यांत ३६० पौंडांचें अंतर पडतें. विद्यार्थ्याच्या खर्चांत ही रक्कम क्षुल्लक नव्हे. दीर्घ करार करावयाचाच असल्यास त्यांतील भाववाढीचें कलम वाचावें. १७ जानेवारी २०२५ पासून होणाऱ्या नव्या करारांत अशी वाढ किती पौंड व पेन्स होईल हें आधींच स्पष्ट सांगितलें पाहिजे, असा ऑफकॉमचा दंडक आहे.

निवड चुकलीच तर घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु उतावीळपणें जुनें सिम बंद करूं नये, नाहींतर क्रमांक हातचा जाईल. १ जुलै २०१९ पासून तेथें सोपी पद्धति आहे. ६५०७५ ह्या क्रमांकावर ‘पीएसी’ हीं अक्षरें इंग्रजींत संदेशानें पाठविलीं कीं एक सांकेतिक क्रमांक येतो. तो तीस दिवस चालतो. तो नव्या कंपनीस दिला कीं आपला जुना क्रमांक सामान्यतः कामाच्या पुढच्या दिवशीं तिकडे जातो आणि जुनी सेवा आपोआप संपते. मात्र मुदतीच्या कराराचा कांहीं काळ शिल्लक असल्यास त्याचे पैसे द्यावे लागतात. आमच्या पुतण्यानें हेंच केलें. त्याचप्रमाणें भारतांतील बँकेचे संदेश ज्या क्रमांकावर येतात तो इकडचा क्रमांकही रिचार्ज करून जिवंत ठेवावा. त्याची काळजी घरीं राहणाऱ्या कोणी तरी अंगावर घ्यावी.

मोठ्या कंपनीचेंच सिम घ्यावें असे प्रसंग मुळींच नाहींत, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यास दुकानांत जाऊन माणसाशीं बोलल्याशिवाय समाधान होत नाहीं, किंवा ज्याचा धंदा फोनवरच चालतो, त्यानें जास्त पैसे द्यावे. ते वायां जात नाहींत. उलट लेकीच्या बाळंतपणासाठीं चारपांच महिने तिकडे राहावयास गेलेल्या आईस एक महिन्याचें स्वस्त सिम, तेंही जांवयाच्या घरांत चालणाऱ्या नेटवर्कवरचें, पुरेसें होतें. संकटाच्या वेळीं ९९९ हा क्रमांक आपल्या नेटवर्कचा सिग्नल नसला तरी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या नेटवर्कवरून जोडला जातो. मात्र फोनमध्यें सिम असावें लागतें. एवढें तिला निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें.

घरीं बसून आम्हीं वडील मंडळींनीं ‘अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट’ असा निवाडा देण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. पुण्याच्या दिवाणखान्यांतून उत्तर इंग्लंडमधील तळमजल्याची भिंत दिसत नाहीं. मुलास नियम सांगावा आणि निवड त्याच्यावर सोपवावी. आमच्या पुतण्याचें नवें सिमही पहिल्याइतक्याच दराचें आहे. आतां रविवारीं दिवेलागणीनंतर फोन वाजतो, आणि मातुःश्रींचें जेवण थोडें उशिरानें पण स्वस्थपणें होतें.