भिंगरीपेक्षा जोड महत्त्वाचा

पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याला पाण्याची ददात नसते. वर्षाला सव्वा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, अंगावरून जाणारी सती नदी आणि बांध्यांत तुडुंब धान. मात्र हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच उरकतो. एप्रिल-मेमध्ये शेजारचं ब्रह्मपुरी देशातल्या सर्वाधिक तापणाऱ्या गावांत गणलं जातं आणि त्याच उन्हात घरामागच्या सांदवाडीतली मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) माना टाकतात. पाइप हातात धरून शिंपलं तर माती उघडी पडते, कोवळी रोपं आडवी होतात. दाट पेरलेल्या भाजीला प्रत्येक झाडापाशी थेंब सोडणारं ठिबकही सोयीचं नसतं. तिथे कामाला येतो तो छोटा तुषार, म्हणजेच मायक्रो स्प्रिंकलर.

दुकानात गिऱ्हाइकाची नजर जाते ती फिरणाऱ्या भिंगरीवर. वाफा मात्र कोरडा राहतो तो बहुतेक वेळा तिच्या आधीच्या दोन-चार रुपयांच्या जोडामुळे.

पाण्याचा रस्ता असा असतो: पंप, फिल्टर, व्हॉल्व्ह, मग पीव्हीसीची उपनळी. उपनळीला भोक पाडून त्यात रबरी ग्रोमेट बसवतात, ग्रोमेटमध्ये टेक-ऑफ, आणि टेक-ऑफवर १६ मिलिमीटरची काळी लॅटरल. लॅटरलला पंचने बारीक छिद्र पाडून त्यात काटेरी कनेक्टर दाबायचा, त्यावर बारीक मायक्रो ट्यूब चढवायची आणि ती खुंटीवरच्या तुषारापर्यंत न्यायची. दोन लॅटरल जोडायला जॉइनर, फाटा काढायला टी, आणि शेवटाला नळी दुमडून अडकवायची आठच्या आकड्याची कडी. चुकीच्या जागी पडलेलं छिद्र बुजवायला डमी मिळते. ती मूठभर जास्तच घ्यावी, कारण पहिल्या दिवशी छिद्रं हमखास चुकतात.

घोळ होतो तो मापात. १६ मिलिमीटर हे लॅटरलचं बाहेरचं माप. आतला व्यास भिंतीच्या जाडीप्रमाणे कमी-जास्त होतो, आणि जॉइनर तर आतच शिरतो. म्हणून एका कंपनीचा जॉइनर दुसऱ्या कंपनीच्या नळीत कधी सैल बसतो, कधी शिरतच नाही. मायक्रो ट्यूबचीही तीच कथा. ग्रोमेटसाठी छिद्र त्याच ग्रोमेटच्या मापाच्या बिटनेच पाडावं आणि कडेचे पीव्हीसीचे तुसे काढून टाकावेत, नाहीतर रबर कापलं जातं. नळी चढत नसेल तर तिचं टोक क्षणभर गरम पाण्यात बुडवावं. काडी पेटवून शेकली की ती एका बाजूने पातळ होते, आणि तेल-ग्रीस लावलं की रबर फुगतं.

दुसरी अडचण दाबाची. बऱ्याच घरांत छतावरच्या टाकीलाच नळी जोडली जाते. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक किलो दाब देतं. म्हणजे चार मीटरवरच्या टाकीतून मिळतो जेमतेम ०.४ किलो, आणि बहुतेक छोट्या तुषारांना एक ते दोन किलो लागतो. भिंगरी फिरत नाही, पाणी खुंटीच्या बुडाशीच ओघळतं आणि दोष तुषाराला दिला जातो. ताशी ४० लिटरचे १० तुषार लावले तर एकूण गरज ४०० लिटरची. अर्ध्या अश्वशक्तीच्या छोट्या पंपाला हे सहज जमतं. उलट तो जास्तच पाणी फेकतो, म्हणून जादा पाणी विहिरीत किंवा टाकीत परत सोडणारा बायपास व्हॉल्व्ह बसवायला हवा. तो नसेल तर सुटणारा पहिला जोड मायक्रो ट्यूबचा.

झाडीपट्टीतल्या मालगुजारी तलावांच्या पाण्यात शेवाळ आणि गाळ असतो, तर तुषाराच्या तोटीचं भोक एक-दीड मिलिमीटरचं. अशा पाण्याला चकत्यांचा डिस्क फिल्टर बरा. बोअरच्या स्वच्छ पाण्याला १२० मेशचा जाळीचा फिल्टर चालतो. दर पंधरवड्याला शेवटची कडी सोडून नळी धुऊन काढली की निम्मी तक्रार मिटते.

ऊन नळीला लांबवतं. २० मीटरची काळी लॅटरल पहाटेच्या गारव्यातून दुपारच्या तापात गेली की दहा सेंटिमीटरच्या आसपास वाढते, रात्री पुन्हा आखडते. ताणून बसवलेली नळी मग जोडातून निसटते. थोडी नागमोडी ठेवावी. उंदीर, खारी आणि रानडुकरांचा उपद्रव वेगळाच. २०२१ पासून या जिल्ह्यात फिरणाऱ्या रानटी हत्तींच्या पायाखाली नळी आली, तर त्यावर कुठलाही जॉइनर उपाय नाही!

खर्चाचं म्हणाल तर शेतातल्या सूक्ष्म सिंचनाला महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो आणि जमीन सातबाऱ्यावर लागते. गावठाणातली सांदवाडी त्यात बसत नाही. ती स्वतःच्या पैशातून करायची, तेव्हा जोड निवडताना घाई नको. कुरखेड्याहून वडशाच्या बाजारात जाणार असाल, तर आपल्या लॅटरलचा आणि मायक्रो ट्यूबचा वीतभर तुकडा पिशवीत टाका आणि प्रत्येक जॉइनर, कनेक्टर दुकानातच त्यात घालून पाहा.