१२ हजार गाड्यांतली आपली एक

एका गुंठ्यात किती मोटारी मावतील? लावायला-काढायला वाट सोडली, तर जेमतेम अडीच. आता असे पाच हजार गुंठे डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेत फ्लॉरिडामध्ये ऑरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. तिथल्या ‘मॅजिक किंगडम’ या पार्कचं पार्किंग एवढं मोठं आहे: १२५ एकर आणि त्यात सुमारे १२ हजार गाड्या. ज्या पार्कसाठी हे पार्किंग केलं, ते पार्कच मुळी त्याहून लहान, १०७ एकरांचं!

हिशेब मांडून बघा. एका गाडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस फूट येतात. मुंबईत एवढ्या जागेत एक कुटुंब वन बीएचके थाटून राहतं. एक गाडी पाच मीटरची धरली आणि सगळ्या गाड्या एकीमागे एक चिकटून उभ्या केल्या, तर रांग ६० किलोमीटरची होते. पुण्यातून निघालेली ही रांग लोणावळ्याच्या वेशीवर पोचेल.

त्यात पार्कला येणाऱ्यांची गर्दी सकाळीच लोटते. पार्किंग तीन तासांत भरायचं म्हटलं, तर दर सेकंदाला एकाहून जास्त गाडी जागेवर लागायला हवी. गाडीमागे तीन माणसं धरली तरी ३६ हजार होतात. पार्किंग आणि पार्कच्या मध्ये पाणी आहे; या सगळ्यांना पलीकडे न्यायला ६०० जणांची फेरीबोट वापरली, तर ६० फेऱ्या. संध्याकाळी आतषबाजी संपली, की ही सगळी माणसं एकाच वेळी परत निघतात, तेही कडेवर झोपलेली पोरं घेऊन.

हे पार्किंग पार्कच्या दाराशी का नाही, याचं उत्तर कॅलिफोर्नियात सापडतं. १७ जुलै १९५५ रोजी ॲनाहाइममध्ये पहिलं डिस्नेलँड उघडलं. तिथे गाड्यांचं मैदान थेट फाटकासमोर होतं आणि कुंपणाबाहेर बघता बघता मोटेलांची दाटी झाली. वॉल्ट डिस्ने यांच्या हाती मोकळी जमीन उरली नाही. हा धडा घेऊन फ्लॉरिडात २७ हजार एकरांहून अधिक जमीन घेतली गेली. तिकडे ॲनाहाइमचं जुनं मैदान इतकं मोठं होतं, की २००१ मध्ये त्याच जागेवर ‘डिस्ने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ हे अख्खं दुसरं पार्क उभं राहिलं. गाड्यांची रवानगी झाली शेजारच्या सहा मजली इमारतीत. एकट्या त्या इमारतीत १० हजारांवर गाड्या राहतात.

फ्लॉरिडात आखणाऱ्यांनी पार्किंग आणि पार्क यांच्यामध्ये चक्क एक तलाव खोदला. खोदलेली माती पार्कची जमीन उंच करायला वापरली. त्या उंचवट्याच्या पोटात कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याचे मार्ग आहेत. गाडी लावायची, ट्रॅममध्ये बसायचं आणि मग फेरीबोटीने किंवा मोनोरेलने पलीकडे जायचं. पाण्यापलीकडे किल्ल्याचे मनोरे दिसू लागतात, तोवर डांबराचं ते मैदान पाठीमागे दूर राहिलेलं असतं.

मुक्कामाला येणाऱ्यांचा विचारही असाच मुळापासून केलेला आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी पार्कसोबतच उघडलेल्या ‘कंटेम्पररी’ हॉटेलात तर मोनोरेल थेट इमारतीच्या पोटात शिरते. पाहुणा गाडीतून उतरतो तो हॉटेलातच. तिथल्या खोल्या जवळच्या कारखान्यात तयार करून क्रेनने पोलादी सांगाड्यात बसवल्या होत्या, कपाटात खण सरकवावेत तशा.

मोठ्या संख्येची खरी परीक्षा ‘पॉप सेंच्युरी’ या २००३ साली उघडलेल्या हॉटेलात होते. त्यात २,८८० खोल्या आहेत. सकाळी ११ ला खोली सोडायची आणि नव्या पाहुण्याला दुपारी ३ ला द्यायची. समजा, एका दिवशी त्यातल्या एक तृतीयांश खोल्या रिकाम्या झाल्या, तर चार तासांत ९६० खोल्या आवरायच्या, म्हणजे मिनिटाला चार. प्रत्येक पाहुणा काउंटरपुढे रांगेत उभा राहिला, तर लॉबी तुंबेल. म्हणून चेक-इन फोनवर होतं, खोलीचा नंबर फोनवर येतो, दारही फोनने किंवा मनगटावरच्या पट्टीने उघडतं.

पण जवळपास तीन हजार खोल्यांत आपली इमारत ओळखायची कशी? इथे प्रत्येक भाग विसाव्या शतकातल्या एकेका दशकाचा आहे आणि जिन्यांवर त्या काळातल्या वस्तू इमारतीएवढ्या करून उभ्या आहेत. पन्नाशीच्या दशकाला बोलिंगच्या पिन, साठीला यो-यो, ऐंशीला रुबिक क्यूब. वाचता न येणारं चार वर्षांचं पोरही बोट दाखवून सांगतं, आपली खोली यो-योवाल्या इमारतीत.

पार्किंगमध्येही हीच युक्ती आहे. तिथल्या भागांना सिम्बा, अल्लादीन, जाफर अशी पात्रांची नावं आहेत आणि ओळींना नंबर. तरीही दिवसभर उन्हात फिरलेला माणूस नाव आणि नंबर दोन्ही विसरतो. १२ हजारांत गाडी हरवणं म्हणजे काय, हे मॉलच्या तळघरात चावीचं बटण दाबत हिंडलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

माझ्या मते एवढ्या मोठ्या व्यवस्थेचा कस या दमलेल्या माणसापाशीच लागतो. इथे गाडी मनाला येईल तिथे लावता येत नाही. कर्मचारी एकेक ओळ क्रमाने भरत नेतात आणि कोणती ओळ किती वाजता भरली, याची नोंद ठेवतात. त्यामुळे वाट चुकलेल्या पाहुण्याला ते गाडीचा रंग विचारत बसत नाहीत. ते विचारतात, “सकाळी किती वाजता आलात?” साडेनऊच्या सुमारास, एवढं जरी आठवलं, तरी पाच हजार गुंठ्यांतून दोन-चार ओळीच शोधायच्या उरतात.